आज कोणाची ड्युटी?

राऊतभाऊ रंगानं चांगले काळे होते, पण त्यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं रुंदीचा गोरा पट्टा होता. कॉलेजात गेल्यापासून त्या जागेला ऊन लागलेलं नव्हतं. मी नर्स आहे. माणसांची मनगटं धरणं हे माझं रोजचं काम, आणि एकाची नाडी बघून झाली की मी पुढच्याकडे वळते. कोणाचं मनगट कसं होतं हे आठवत बसले तर कामं व्हायची नाहीत. हे एक तेवढं लक्षात राहिलं.

आमचं आरोग्य केंद्र वाशिमकडच्या शिरपूरपासून फार लांब नाही. बस फाट्यावर सोडते, तिथून दहा मिनिटं पायी. आत शिरलं की डाव्या हाताला औषधखोली, उजव्या हाताला प्रसूतीची खोली, मधे व्हरांडा. औषधखोलीत राऊतभाऊ आणि प्रसूतीच्या खोलीत मी, असे आम्ही चौदा वर्षं समोरासमोर होतो. पुंडलिक राऊत हे नाव हजेरीपटापुरतं. गाव त्यांना राऊतभाऊ म्हणायचं, आणि पाठीमागं घडीवाले.

त्यांच्या घरी सदतीस मनगटी घड्याळं होती. श्रीमंताचा शौक म्हणावा असं त्यात काही नव्हतं. कुठलंही घड्याळ घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा महाग असता कामा नये, असा त्यांचा नियम होता. मोबाइलवर एखादं मनात भरलं की ते त्याच्यावर नजर ठेवून बसायचे, बगळा पाण्यात टपून राहतो तसे. दिवाळीच्या सेलमध्ये भाव उतरला नाही तर संक्रांतीपर्यंत थांबायचं. संक्रांतीला नाही तर पुढची दिवाळी.

"उतरते जी सिस्टर," म्हणायचे. "ताप अन् भाव, दोन्ही उतरतेच. मानसाले दम पाह्यजे."

पार्सल केंद्राच्या पत्त्यावर यायचं, कारण घरी शोभावहिनी होत्या. वहिनींची तक्रार साधी होती. "सदतीस घड्या हायेत घरात, पन मानूस एक दिवस टायमावर जेवाले येत नाई."

ही सगळी मंडळी एका पत्र्याच्या पेटीत राहायची. गोळ्यांना ओल लागू नये म्हणून औषधाच्या बाटलीत बारीक पुड्या घातलेल्या असतात. रिकाम्या बाटल्यांमधल्या त्या पुड्या राऊतभाऊ जमवायचे आणि पेटीत टाकायचे. त्यामुळे पेटी उघडली की दवाखान्याचा वास यायचा. दसऱ्याला आम्ही केंद्रात हत्यारं पूजतो. बीपीचं यंत्र, कात्र्या, चिमटे, बाळांचा वजनकाटा, सगळं धुऊनपुसून टेबलावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं ठेवतो. राऊतभाऊ त्या दिवशी पेटी घेऊन यायचे आणि वजनकाट्याच्या शेजारी ठेवायचे. कोणी हरकत घेतली नाही.

पेटीच्या झाकणाला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. आमच्या केंद्रातलं ड्युटीपत्रक असतं तसाच, पट्टीनं रेघा ओढलेला. डावीकडे घड्याळांची नावं: कप्तान, पाणबुड्या, मास्तर, चपटी, निळूभाऊ. पुढे तारखा आणि शेरे. पार्सल आलं की 'रुजू'. सहा महिने ते 'परिविक्षाधीन'. रोज सकाळी मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहायचं, दिवसाला किती सेकंद पुढे, किती मागे, ते टिपायचं. पुतण्याला लग्नात मिरवायला दिलेलं एक 'प्रतिनियुक्तीवर' होतं आणि ते कधीच परत आलं नाही. एकेकाला आळीपाळीनं मनगटावर घ्यायचं, कोणावर अन्याय करायचा नाही. काही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात, पेटीत पडून राहिली की थांबतात. त्यांची पाळी जरा लवकर यायची.

सकाळी सही करताना मी विचारायची, "भाऊ, आज कोनाची ड्युटी?"

ते बाही वर करून दाखवायचे. "आज मास्तर. काल चपटीनं लय दगदग केली, तिले सुट्टी देल्ली."

नव्या आलेल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दसऱ्याला पेटीत डोकावून विचारलं, "राऊतभाऊ, ही सगळी कॉपीच ना?" त्या पुण्याच्या. त्यांना माहीत नव्हतं की आता पाऊण तास गेला.

"मॅडम, तीन जाती हायेत," राऊतभाऊंनी खुर्ची ओढली. "पयली सरळ. आपली देशी कंपनी, चेहरा तिचा, नाव तिचं. दुसरी नमस्कारवाली. मोठ्या घडीवर हिचा जीव जडला, म्हनून तिच्यासारखी नटली. पन काट्याखाली नाव लिवलं, ते सोताचं. मोठ्या मानसाले नमस्कार केला म्हंजे चोरी झाली काय? नाई झाली. अन् तिसरी बहुरूपी. चेहराबी दुसऱ्याचा, नावबी दुसऱ्याचं. बहुरूपी पोलिसाचा डगला घालून दारात आला तं आपन हसतो, दहा रुपये देतो. पन त्याच्यापाशी तक्रार लिवून देतो काय?"

"मग बहुरूपी नाहीये तुमच्याकडे?"

"दोन हायेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फसलो होतो जी. नवा होतो तवा."

त्या दोन घड्याळांच्या काचेवर, जिथे खोटं नाव होतं नेमकं तिथे, त्यांनी पांढरी चिकटपट्टी डकवली होती. सलाइनची सुई हलू नये म्हणून आम्ही लावतो तीच. तक्त्यात दोघांपुढे वर्षानुवर्षं एकच शेरा: निलंबित.

मी म्हटलं, "मंग फेकून काहून नाई देत?"

"आतलं मशीन गरीब हाये बिचारं, सिस्टर. चालून राह्यलं चुपचाप. नाव त्यानं थोडीच लिवलं?"

शिरपूरच्या जैन मंदिराला दुरून यात्रेकरू येतात. एका उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एका सेठजींना उलट्या लागल्या आणि आमच्याकडे आणलं. मी उजव्या हाताला सलाइन लावलं. डाव्या हाताला घड्याळ होतं. राऊतभाऊ गोळ्यांची पुडी घेऊन आले आणि पलंगापाशी खिळल्यासारखे उभे राहिले. त्या दिवशी ड्युटी कप्तानची होती, आणि कप्तान ज्याला नमस्कार करत होता तो साक्षात सेठजींच्या मनगटावर.

सेठजींचंही लक्ष गेलं. "अरे वाह, आपके पास भी वही है?"

दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. राऊतभाऊंनी हात जोडले. "नहीं सेठजी. मेरी वाली आपकी वाली को नमस्ते करती है." आणि काट्याखालचं नाव बोटानं दाखवलं. सेठजींना आजारपणातही हसू आलं. त्यांनी घड्याळ काढून पुढे केलं. राऊतभाऊ ते घ्यायच्या आधी बेसिनवर गेले, साबणानं हात धुतले, पुसले, मग ओंजळ पुढे केली. कानाला लावलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं.

"सेठजी, सात मिनट पीछे है."

"अरे भाई, हमें कौन-सी बस पकड़नी है!"

हे उत्तर त्यांना पचलं नाही. संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत त्यांचं चालू होतं, "एवढी मोठी घडी सिस्टर, अन् सात मिनिटं मांगं!"

आमच्या कामात त्यांची घड्याळं रोज लागायची. प्रसूतीच्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे, पण ते टेबलासमोर उभं राहिलं की माझ्या पाठीमागे येतं. बाळ हातात येतं त्या क्षणी मान वळवायला सवड नसते, आणि वेळ तर नेमकी लिहावी लागते. मग अशी रीत पडली की बाळ आलं की मी ओरडायची, "झालं!" आणि व्हरांड्यापलीकडून औषधखोलीतून आवाज यायचा, "अकरा बावीस!" नोंदवहीत मी तेच लिहायची. पत्रिका करणारे लोकही आमच्या केंद्राची वेळ प्रमाण मानायचे.

एका आजीनं एकदा औषधखोलीच्या खिडकीवर ठाण मांडलं होतं. "भाऊ, वीस मिनिटं मांगं घे ना. तेवढ्यानं नक्षत्र टळते म्हनते. नातू हाये रे माझा."

"आजी, तो आला तवा आला. आता मी त्याले मांगं ढकलू काय?"

"तुयी घडीच नकली असंन!"

"घडी नमस्कारवाली हाये आजी, पन टाइम अस्सल हाये," राऊतभाऊ म्हणाले आणि तिच्या गुडघ्यांसाठी मलम दिलं. वेळ मात्र तीच राहिली.

त्यांना मुलगी एकच, मीनल. शाळा सुटली की ती औषधखोलीत अभ्यासाला बसायची. माझं "झालं!" तिकडे पोचलं की ही वहीतून मान वर न काढता मोठ्यानं विचारायची, "बाबा, टाइम?" आणि मग राऊतभाऊ वेळ सांगायचे. तिनं विचारल्याशिवाय सांगायचेच नाहीत. पुढे ती कॉलेजला वाशिमला गेली, तरी माझं "झालं!" झाल्यावर ते क्षणभर थांबून मगच वेळ सांगायचे. तेवढी जागा तिच्यासाठी ठेवलेली.

मीनलचं जमलं ते रिसोड तालुक्यातल्या एका घरात. मुलगा नितीन, पतसंस्थेत नोकरीला, घरी शेती. आमच्याकडे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नवऱ्या मुलाला कपडे, अंगठी आणि घड्याळ देतात. घड्याळ म्हटल्यावर राऊतभाऊंना दुसरं काही सुचेना. सेल लागायची वाट बघून त्यांनी एक मागवलं. निळी तबकडी, पोलादी पट्टा, आणि मागे काच, तिच्यातून आतलं मशीन फिरताना दिसायचं. दुधाच्या बिलाचा नियम त्यांनी त्या एका घड्याळासाठी मोडला. तक्त्यात त्याचं नाव लिहिलं 'जावईबापू'. सहा महिने परिविक्षाधीन. रोज सेकंद टिपले. दिवसाला चार सेकंद पुढे, त्याहून जास्त कधी नाही.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. लसीकरणाचा दिवस होता, व्हरांडा रडणाऱ्या पोरांनी भरलेला. एक पोर माझ्या मांडीत, हातात सिरिंज. त्यांनी डबी उघडून पुढे धरली.

"सिस्टर, यात काई उनं हाये काय?"

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. गावात कोणाच्या सुनेला कमी जेवायला देतात हे मी त्या सासूला चारचौघांत सांगते. लग्नाच्या बैठकीत लोक घड्याळाचं मशीन बघत नाहीत, दुकानाचं नाव आणि बिल बघतात, हे मला त्या क्षणीसुद्धा माहीत होतं. मी डबीकडे अर्ध्या नजरेनं पाहिलं आणि म्हटलं, "छान हाये भाऊ. काई उनं नाई." पुढचं पोर आणा, म्हणून ओरडले.

हरभरा निघाला होता, दारात मांडव होता. नितीनला पाटावर बसवलं, टोपी घातली, कपडे दिले. राऊतभाऊंनी घड्याळ स्वतःच्या हातानं त्याच्या मनगटावर बांधलं. माप आधीच घेऊन ठेवलं होतं, बरोबर बसलं. नितीनच्या मामांनी भाच्याचा हात ओढून मोबाइलनं घड्याळाचा फोटो घेतला. मला वाटलं, आठवण म्हणून. ते मोबाइलवर किंमत शोधत होते.

"आरे बापा, हे तं लाखाचं दाखवून राह्यलं!" मामा म्हणाले. मांडवातल्या माना तिकडे वळल्या. मग त्यांचा अंगठा खाली सरकत गेला आणि आवाज बदलला. "नाई नाई. लाखाची येगळी हाये. पाव्हने, ही तं तिची डुप्लिकेट हाये."

राऊतभाऊ हसले. त्यांना खरंच आनंद झाला होता. घड्याळाकडे इतकं निरखून बघणारं माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

"डुप्लिकेट नाई जी मामासाहेब. नाव वाचा ना, काट्याखाली. सोताचं नाव लिवलं तिनं. हिले म्हनते नमस्कारवाली." आणि ते सांगायला लागले. तिन्ही जाती सांगितल्या. बहुरूप्याचा दाखला दिला. मागची काच दाखवायला नितीनचं मनगट उलटं करायला लागले. शोभावहिनी पदराआडून खुणा करत होत्या. मी उठून "भाऊ, जेवनाचं पाहा" म्हणायला हवं होतं. उठले, पण बायकांमधून वाट काढेपर्यंत उशीर झाला.

"नमस्कार कराले घडी कायले पाह्यजे पाव्हने," मामा म्हणाले, "आमाले हात हायेत ना!"

मांडव हसला. राऊतभाऊही हसले. सगळ्यांच्या नंतर थांबले. नितीननं घड्याळ काढलं आणि ताटात अक्षतांवर ठेवलं. मीनल शेजारच्या पाटावर होती. तिनं मान वर केली नाही.

लग्न मोडलं नाही. राऊतभाऊंनी वाशिमच्या दुकानातून देशी कंपनीचं एक साधं घड्याळ आणलं, शिक्का मारलेल्या बिलासकट. लग्नात मामांनी आधी बिल वाचलं, मग घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, "हे कसं, आता मिटलं काम."

पण मिटलं नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस होतात न होतात तोच सासरच्यांनी मीनलचं माहेरानं केलेलं मंगळसूत्र आणि पाटल्या अंगावरून उतरवून सराफाकडे तपासायला नेल्या. ज्यानं घड्याळ असं दिलं, त्यानं सोनं कसं दिलं असेल, असा त्यांचा हिशेब. सोनं चोख निघालं. मीनल मला पुढे म्हणाली, "तपासलं त्याचा राग नाई मावशी. पन मले सोबत नेलं. दुकानात सगळ्यांसमोर उभं ठेवलं, उघड्या गळ्यानं."

सराफाकडे नेलं त्याच दिवशी तिनं वडिलांना फोन केला. मी लोहाच्या गोळ्या घ्यायला औषधखोलीत उभी होते. आवाज बाहेर ऐकू येत होता. ती रडत असती तर बरं झालं असतं. अगदी सावकाश बोलत होती.

"बाबा, एक विचारू? दुकानातली साधी बिलवाली आधीच आनली असती, तं काय झालं असतं?"

"हो माय," राऊतभाऊ म्हणाले. "हो. हो."

फोन ठेवून त्यांनी माझ्या गोळ्या मोजून दिल्या. एकही चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी सही करताना मी नेहमीसारखं विचारलं, "आज कोनाची ड्युटी?" त्यांनी बाही वर केली. मनगटावर नुसता गोरा पट्टा होता.

"सारे कार्यमुक्त," ते म्हणाले. मला ती गंमत वाटली. मी हसलेसुद्धा.

त्यानंतर मी "झालं!" म्हटलं की समोरून काही येईना. खिशात मोबाइल होता. तो तरी बघा म्हटलं, तर म्हणाले, "त्याच्यात कंपनी टाइम पाठवते सिस्टर. मी कोन सांगनारा?" मी मान वळवून भिंतीकडे बघायला शिकले. ते कामात चुकले नाहीत, रजा वाढवल्या नाहीत, कोणाशी अबोला धरला नाही. दुपारी डबा खाताना नजर एकदा रिकाम्या मनगटाकडे जायची आणि ते बाही खाली ओढायचे. तो उन्हाळा गेला आणि दिवाळीपर्यंत पट्टा मावळला. डावा हात उजव्या हातासारखाच काळा झाला.

मीनल माहेरी यायची, पण वस्तीला नाही. आली की आईपाशी बसायची. वडिलांशी बोलणं म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत म्हणून सातव्या महिन्यानंतर सासरच्यांनी तिला पाठवलं, आणि दिवस भरले तेव्हा ती माझ्याच टेबलावर आली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार झाली. राऊतभाऊ समोर गोळ्यांची पाकिटं रचत होते. रचलेली काढून परत रचत होते, असं सफाईवाली मावशी मला नंतर म्हणाली.

मुलगी झाली. बाळ हातात आलं, रडलं, आणि जुन्या सवयीनं मी मोठ्यानं ओरडले, "झालं!"

टेबलावरून मीनल ओरडली, "बाबा, टाइम?"

केस घामानं चिकटलेले, ओठ सुकलेले, आणि आवाज शाळेतल्या पोरीचा. दीड वर्षात ती त्यांच्याशी तसं बोलली नव्हती. मला मान वळवून भिंतीकडे बघता आलं असतं. मी बघितलं नाही. मी थांबले.

व्हरांड्यापलीकडे काही हललं नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला.

"माझ्यापाशी नाई वो, माय."

मग मी मागे भिंतीकडे वळले. त्या मुलीची जन्मवेळ मी अंदाजानं लिहिली आहे. माझ्या सगळ्या नोकरीत तशी ती एकच.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायच्या आधी राऊतभाऊ बाळाचे लंगोट घड्या करत पलंगापाशी बसले होते. मीनल म्हणाली, "बाबा, साक्षगंधातली ते घडी मले पाह्यजे. मी घालतो."

"कोनती?"

"निळी."

त्यांनी हातातल्या लंगोटाची घडी पूर्ण केली. "ते बहुरूपी हाये, माय," म्हणाले.

"भाऊ!" मी म्हटलं. "काय बोलता? तुमीच तं सांगत होते..."

"नाई सिस्टर. बहुरूपीच हाये. मले समजलं नाई, लोकायले समजलं." त्यांनी लंगोट पिशवीत भरले. मीनलनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तिनं पुन्हा मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही. दोघांनाही वाटलं असेल, आहे वेळ. बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा ती सासरी गेली.

राऊतभाऊ गेले त्याच वर्षी. तेराव्यानंतर शोभावहिनींनी पेटी मीनलपुढे ठेवली, मी तिथे होते. तक्त्यावर एकाच तारखेला, एकाखाली एक, प्रत्येकापुढे 'कार्यमुक्त' लिहिलं होतं, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात. सगळी घड्याळं थांबलेली. जावईबापूपुढे मात्र शेरा वेगळा होता: निलंबित. निळं घड्याळ त्या दोन बहुरूप्यांच्या कप्प्यात ठेवलेलं होतं, आणि काचेवर, जिथे त्याचं स्वतःचं खरं नाव होतं नेमकं तिथे, पांढरी चिकटपट्टी होती. मीनलनं ती नखानं सोलून काढायला घेतली. पट्टी जुनी झाली होती, तुकड्या-तुकड्यानं निघत होती. मी तिथून उठले, कारण मला बस होती.

त्यांचं शेवटचं मी पाहिलं ते असं. सकाळची वेळ, दारात रुग्णांची रांग. औषधखोलीच्या खिडकीतून पुडी देता देता ते खुर्चीतच कलंडले. सगळ्यांत जवळचं टेबल माझ्या खोलीतलं, म्हणून तिथेच आणून झोपवलं. मॅडमनी छाती दाबायला सुरुवात केली, मी श्वास द्यायची पिशवी धरली. बराच वेळ आम्ही दोघी थांबलो नाही. मग मॅडम थांबल्या. मी त्यांचं डावं मनगट हातात घेतलं आणि नाडी शोधली, नसताना शोधली. मनगट कोपरापर्यंत एका रंगाचं होतं.

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला आणि कागद ओढला. "सिस्टर, वेळ?"

घड्याळ माझ्या पाठीमागे होतं. मी दाराकडे पाहिलं. समोर औषधखोली उघडी होती, खुर्ची रिकामी. मॅडमनी पुन्हा विचारलं. मी दाराकडेच पाहत राहिले.